सरूकाकूंचे अंबाडीचे झुबे

सरूकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सरळ कान धरला. लग्न होऊन मी औरंगाबादला, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायला आले होते. नव्याचे नऊ दिवसही सरले नव्हते. दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या घेऊन मी जिना चढत होते आणि वरून एक उंच, काटकुळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई खाली येत होती. ती थांबली, माझ्या उजव्या कानाची पाळी तिनं चिमटीत धरली आणि उजेडाकडे वळवली. हात अडकलेले, त्यामुळे मला काही करताही येईना.

"लग्नातले का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवायला गेले, पण कान त्यांच्या हातात होता.

"पाळी वघळायला लागली की गं. अजून दोन वर्सांनी बोट जाईल त्यातून. कान म्हंजे काय खुंटी हाय व्हय, कायबी टांगायला?"

मग त्यांनी स्वतःचा कान माझ्यापुढे केला. त्यात बारीक पिवळसर झुबे होते, खाली तीन-तीन लोंबते मणी, वर जाळीचं फूल. मला वाटलं सोन्याची तार. त्यांनी एक झुबा काढून माझ्या कळशीच्या झाकणावर ठेवला, तर त्याचा आवाजच झाला नाही. "अंबाडी," त्या म्हणाल्या आणि टाळी वाजवून हसल्या. मी अंबाडीची भाजी खाल्ली होती. अंबाडी कानात घालतात हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार, घालणारी बाई त्या साऱ्या मुलखात ही एकच.

सगळी गल्ली त्यांना सरूकाकू म्हणायची. त्या मूळच्या पिशोरच्या. त्यांचे दीर भाऊसाहेब तहसील कचेरीत कारकून होते. बदली होऊन शहरात आले तेव्हा बायकोबरोबर विधवा भावजयीलाही घेऊन आले. भाऊसाहेब घरात इतके कमी बोलायचे की त्यांच्या वाट्याचंही सरूकाकूच बोलायच्या. बोलणं फार भरभर, एका वाक्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात, आणि मधे मधे टाळी. चूल त्यांच्याकडे होती, पण चित्त चुलीवर नसायचं. तव्यावर भाकरी टाकलेली असताना एखादी गाठ सुचली की तशाच पिठाच्या हातांनी आमच्या दारात यायच्या. "हे बघ, हे बघ, जाळी उलटी घातली की फूल उमलतंय!" तोपर्यंत खाली भाकरीचा कोळसा. सरूकाकूंची भाकरी करपली म्हणजे नवा नमुना निघाला असं गल्लीत समजत. त्यांची जाऊ, शांतावहिनी, खालून ओरडायची, "आक्का, कान भरलं असतील तर पोट भरा आता." काकू हसत खाली जायच्या आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवल्या की साल सुटते. ती सोलून, धुऊन वाळवली की लांब, चमकदार धागा मिळतो, तो वाख. मराठवाड्यात त्याचे दोर वळतात, बैलांच्या वेसणी आणि कासरे करतात. काकू तो वाख फणीनं विंचरायच्या, अगदी लहान मुलीचे केस विंचरावेत तसा. मग मांडीवर पीळ देऊन केसाएवढी बारीक दोरी वळायची आणि दाभणाभोवती तिची जाळी विणायची. कानात घालायला धातूची तार त्यांना चालत नसे. बाभळीचा काटा दगडावर घासून घासून असा गुळगुळीत करायच्या की जिभेवर ठेवला तरी टोचू नये. झुबा तयार झाला की तोंडापुढे धरून हलकी फुंकर मारायच्या. तो डोलला पाहिजे. नाही डोलला तर वजन जास्त झालं म्हणून सगळा उसवायचा. डोलला तर रात्री कानात घालून झोपायच्या. सकाळी उठल्यावर कानात काही आहे याची आठवण आली तर तो नापास. "आठवला म्हंजे टोचला," असं त्यांचं शास्त्र. आणि पास झाला की मग विनय वगैरे काही नाही. "बघ. करून दाखवावं कुणी असं," असं म्हणत तो झुबा गल्लीभर फिरायचा.

हे सगळं सुरू कसं झालं ते त्यांनी ज्याला सांगितलं नाही असा माणूस गल्लीत नव्हता. निजामावरच्या पोलिस अ‍ॅक्शनच्या पुढल्या साली त्यांचं लग्न झालं. लेकरू व्हायच्या आतच नवरा तापानं गेला. रिवाजाप्रमाणे अंगावरचं सगळं उतरवलं गेलं आणि सासूच्या पेटीत गेलं.

"सोन्याचं मला काय नाय वाटलं," त्या सांगायच्या. "पण भोकं बुजली असती की गं. टोचताना मी गाव गोळा केलं होतं रडून. ती सगळी रडारड फुकट?"

म्हणून त्यांनी कानांत कडुलिंबाची काडी घालून ठेवली. सासूनं ती पाहिली. कशाला, म्हणून विचारलं. भोकं बुजू नयेत म्हणून, असं यांनी सांगितलं. त्यावर सासू म्हणाली, "आता तुला कशाला लागत्यात भोकं?"

इथं काकू स्वतःच्या कानाची पाळी चाचपायच्या. तेवढंच. लगेच टाळी वाजवून पुढे. पोळ्याच्या आधी अंगणात बैलांचे दोर वळायचं काम चाललं होतं, खाली वाखाची कातरण पडली होती. ती उचलून त्यांनी बोटाएवढी कडी वळली आणि कानात घातली. घरात खळबळ. सासूनं भावकीतल्या जाणत्या माणसांना विचारलं, विधवेच्या कानात हे चालतं का. ती माणसं बसली, विचार करकरून थकली. सोनं नाही, चांदी नाही, काच नाही, मणी नाही. अंबाडीबद्दल कुणाच्याच बापजाद्यांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

"मी म्हणलं, बैलाला चालतंय तर मला का नाय? कुणापाशी उत्तर नव्हतं बघ. तवापासून सुरू!"

हे त्या इतक्या खुशीत सांगायच्या की ऐकणारा पोट धरून हसायचा. मीही हसले. घरी येऊन भात टाकताना मात्र मला त्या सासूचा प्रश्न आठवला आणि रडू आलं.

पिशोरला अंबाडी कुजवायला ओढा होता. शहरात काय? पहिल्या वर्षी त्या एस.टी.च्या टपावर काड्यांचा भारा टाकून आल्या आणि कुणाला न विचारता वाड्यामागच्या जुन्या, न वापरत्या हौदात बुडवून मोकळ्या झाल्या. आठवड्यात गल्लीत असा वास सुटला की जेवण जाईना. कुणी म्हणे उंदीर मेला, कुणी म्हणे मांजर, कुणी थेट कुत्र्यावर गेलं. सगळ्यांनी माळे काढले, मोऱ्या धुतल्या. सरूकाकू या शोधात सर्वांत पुढे. नाकाला पदर लावून लोकांच्या घरात शिरत होत्या, पलंगाखाली वाकत होत्या, "हितं नाय, पुढं चला" म्हणत होत्या. शेवटी कुणीतरी हौदाचं झाकण उचललं आणि माणसं मागे पळाली. काकूंनी आत डोकावून पाहिलं आणि खऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, "ह्यो? ह्यो तर अंबाडीचा वास हाय! मी मेलेला उंदीर हुडकतेय."

त्यांना कुणी लबाड म्हणालं नाही, कारण चेहराच तसा नव्हता. ज्या वासात त्या वाढल्या तो त्यांच्या नाकाला वासच वाटत नव्हता. काड्या मात्र फेकायची वेळ आली. तेव्हा पलीकडच्या घरातून शाहेदाआपा बाहेर आल्या. त्यांच्या घरी हिमरू कापडाच्या मागावर जाणारं सूत रंगवायचं काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं, अंगणात रंगाच्या टाक्या. त्यांनी हौदात डोकावलं, नाक मुरडलं नाही, उलट हसल्या. "ये बदबू नई है भाई, ये काम की बू है. मेरे आंगन में डालो." त्या दिवसापासून अंबाडी आपांच्या मागच्या टाकीत कुजू लागली आणि दोघींची अशी गट्टी जमली की काही विचारू नका. आपांनी काकूंना पळसाच्या फुलांचा केशरी आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग द्यायला शिकवलं. काकूंनी आपांच्या सुनांचे कान तपासले. एक मराठवाडी बोलायची, दुसरी दखनी, आणि दोघी एकाच वेळी बोलायच्या. तरी कुणाचं काही राहून जात नसे.

नमुने मिळवण्यासाठी काकू सराफाच्या दुकानात जायच्या. मी एकदा बरोबर गेले आणि पस्तावले. सराफानं झुबे काढून दाखवले. काकूंनी ते उलटसुलट करून डोळ्यांत साठवले आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "नक्षी लई ग्वाड हाय. पण हे घालून बाई वाकून झाडू कशी मारील?" शेजारी एक बाई तसेच झुबे घेणार होती. तिनं ते हळूच खाली ठेवले. सराफानं काकूंना हात जोडले, आणि पुढच्या वेळी आम्ही पायरीवर दिसताच त्याचा माणूस आतून चहा घेऊन आला. चहा प्या आणि गप्प बसा, असा त्याचा अर्थ. काकू चहा प्यायल्या, गप्प काही बसल्या नाहीत.

या सगळ्या गडबडीच्या मधोमध एक मुलगी होती, विद्या. शांतावहिनींची थोरली. ती झाली तेव्हा वहिनी आजारपणानं कित्येक महिने अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून पोर वाढली ती काकूंच्या मांडीवर. तिचे कान टोचले तेव्हा तिला धरून काकूच बसल्या होत्या आणि म्हणे तिच्यापेक्षा जास्त त्याच रडल्या. विद्याचं लग्न ठरलं तेव्हा ती कॉलेजात होती. मुलगा वैजापूरचा, घर मोठं, शेतीवाडी, आडत दुकान. काकूंना तर आकाश ठेंगणं झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की विद्याचे झुबे त्या करणार आणि बोहल्यावर जायच्या आधी स्वतःच्या हातानं तिच्या कानांत घालणार.

शांतावहिनींचा चेहरा उतरला. नवरीला दागिना सवाष्णीनं चढवायचा असतो, हे काय कुणी सांगायला पाहिजे होतं? काकूंना ते कळत होतं. पण अंबाडीला कुठला नियम नाही हे त्यांनी इतकी वर्षं घोकलं होतं की घालणाऱ्या हाताला असतो, हे त्या विसरल्या होत्या. वहिनींनी दोन दिवस कळ काढली आणि मग माझ्यासमोरच बोलल्या.

"आक्का, माझ्या मनात काय नाय. पण ती माणसं परकी. पहिल्याच दिवशी म्हणतील, पोरीला नाट लावली. जन्मभर तिला ऐकावं लागंल."

काकूंनी हातातला दाभण खाली ठेवला. मग विचारलं, "रुखवतात तर ठिवू देशील?"

वहिनी लगेच हो म्हणाल्या. रुखवतात मुलीकडच्या बायकांच्या हातचं काहीही मांडता येतं, त्याला कुणाचा हात लागला हे कुणी विचारत नाही. तोड निघाली असं सगळ्यांना वाटलं. त्या दिवशी काकू दिवसभर बोलल्या नाहीत आणि एकही भाकरी करपली नाही. मला ते पाहवेना. मी वहिनींवर चिडले होते आणि चिडताही येत नव्हतं, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. लोक बोललेच असते.

दुसऱ्या दिवशी मात्र काकू पुन्हा टाळ्या वाजवत शाहेदाआपांच्या अंगणात. असे झुबे त्यांनी आयुष्यात विणले नव्हते. वाख इतका बारीक की बोटावर दिसू नये, वर केशरी फूल, त्यात पिवळा गाभा, खाली भाताच्या दाण्याएवढे विणलेले घुंगरू. फुंकर मारायचीही गरज नव्हती, कुणी जवळून चाललं तरी ते डोलायचे. आपा म्हणाल्या, "सरूबाई, नजर उतारो इसकी." काकूंनी खरोखर मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

लग्न कार्यालयात होतं. रुखवताच्या टेबलावर विणलेल्या जाळीच्या शेजारी, आरशासमोर, झुबे ठेवले होते. काकूंना नवरीच्या खोलीत काम नव्हतं, म्हणून त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि येईल त्या बाईला अंबाडी समजावून सांगू लागल्या. मी त्यांच्याजवळच होते. तेवढ्यात विद्याची मैत्रीण येऊन माझ्या कानात सांगून गेली की विद्या कानांत काहीच घालू देत नाही. सासरकडून आलेल्या सोन्याच्या कुड्या तशाच डबीत आहेत. काकू येऊन घालेपर्यंत कान मोकळेच ठेवणार म्हणते. वहिनी रडकुंडीला आल्या आहेत आणि मुहूर्त जवळ येतोय. काकूंना सांगावं की नाही ते ठरेना.

टेबलापासून जरा बाजूला, खांबाला टेकून, नवऱ्या मुलाची आजी बसली होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. एवढ्या मोठ्या घरातली सर्वांत वडील बाई, पण तिलाही कुणी पुढे बोलावलं नव्हतं. ती बराच वेळ ऐकत होती. मग उठून आली, झुबा उचलून तळहातावर घेतला आणि तिचा दुसरा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तिथे भोकाच्या जागी नुसती रेघ उरली होती.

काकूंनी तो हात पाहिला. त्यापुढे त्या काय थांबतात! "बसा," म्हणाल्या. स्वतःच्या केसांतलं तेल बोटावर घेतलं, आजींच्या पाळीला चोळलं, बाभळीचा काटा त्या रेघेवर टेकवला.

"दुखलं तरी थांबू नको," आजी म्हणाल्या.

काटा हळूहळू आत गेला. मग दुसरा कान. आजींनी रुखवतातल्या आरशात पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. घुंगरू डोलले. भोवती वैजापूरच्या सुना जमल्या होत्या. आजी म्हणाल्या, "आता हे मी काढायची नाय," आणि परत जाऊन खांबाला टेकून बसल्या. काकूंनी आनंदानं टाळी वाजवली.

आणि नेमक्या तेव्हाच शांतावहिनी धावत आल्या. केस सुटलेले, डोळे लाल. "चला आक्का. तुम्हीच घाला. ती ऐकंना. कोण काय म्हणंल ते म्हणू दे, चला." त्यांनी टेबलाकडे हात केला. टेबलावर झुबे नव्हते.

काकूंनी आजींकडे पाहिलं. परत मागणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्या मनातही ते आलं नसणार. बाहेर भटजींनी नवरीला आणायला सांगितलं. काकूंचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी स्वतःच्या कानांतले झुबे काढले, वर्षानुवर्षं घातलेले, रंग उडून तांबूस झालेले.

वहिनी एक पाऊल मागे सरल्या. विधवेच्या कानातलं, नवरीच्या कानात? "आक्का, हे..." एवढंच त्या म्हणू शकल्या.

"घालू दे गं," खांबापासून आजींचा आवाज आला. "माझ्या कानात तिचंच हाय. आमच्या घरातलं कोण बोलतंय ते मी बघते."

काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. त्या धावत खोलीत गेल्या, आम्ही मागून. विद्या पाटावर बसली होती, मुंडावळ्या बांधलेल्या. काकूंना पाहून तिनं कान पुढे केला. काकूंचे हात आयुष्यात पहिल्यांदा इतके कापत होते की काटा भोकात जाईना. शेवटी शांतावहिनींनी त्यांचं मनगट धरलं, घट्ट, आणि मग गेला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत आमची बदली झाली आणि काकूंची भेट पुन्हा झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या राहिल्या आहेत त्या त्याच दिवशीच्या. मंगलाष्टका संपल्या, ताशे वाजले, अक्षता उडाल्या, आणि वैजापूरच्या बायकांनी काकूंना गराडा घातला. मला कराल का, माझ्या मुलीला कराल का. काकू एकेकीची पाळी धरून उजेडाकडे वळवत होत्या, रागावत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. त्यातली एक पोरसवदा सून त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पण तुमच्या कानांत तर काहीच नाही."

"नाय ना," काकू म्हणाल्या. "आत्ताच लेकीला दिले."

शेजारी शांतावहिनी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी काकूंच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि त्या बायकांना म्हणाल्या, "व्हय. पोर हिचीच हाय."